पेला लख्ख, चेहरा पुसट

मी बोलतोय, पण हौसेनं नव्हे. गप्प पडून राहिलो असतो. पण घरात जो तो माझ्याच नावानं बोटं मोडायला लागला, तेव्हा तोंड उघडावं लागलं.

मी टेलिफोटो लेन्स. लांबचं जवळ आणून दाखवायचं, हा माझा धंदा. मालक मला म्हातारबा म्हणतो. स्वतः कवळी लावतो, आणि म्हातारा मी! शाळा मी बघितली ती मैदानापुरती, सामन्यांचे फोटो काढायला गेलो तेव्हा. त्यामुळे गोड बोलणं जमत नाही.

जन्म कारखान्यातला. काचा घासघासून अंगाची सालं काढली, मग एकीमागे एक बसवून नळकांड्यात कोंडलं. मालक तेव्हा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होता. गोलरक्षकाच्या कपाळावरचा घाम मी मैदानाच्या पलीकडून टिपलाय. पुढं मालक निवृत्त झाला आणि मी कपाटात गेलो, जुन्या स्वेटरांच्या शेजारी. म्हाताऱ्या, आहेस का गेलास, एवढंही कुणी विचारलं नाही.

यंदा मालकीणबाई आजारी पडल्या. छातीत संसर्ग झाला म्हणून वेगळ्या वॉर्डात ठेवलं. भेटायला बंदी. फोनवर म्हणायच्या, "मी ठणठणीत आहे. आता सोडतीलच घरी."

मालकाला पटेना. "ती तोंडानं खोटं बोलते, चेहऱ्यानं नाही. चेहरा दिसला की मला कळतं."

दवाखान्यासमोरच्या इमारतीच्या गच्चीवरून बाईंची खिडकी दिसते, हे लेकीनं शोधून काढलं. झालं! मला कपाटातून उपसलं.

पहिले फोटो धुरात काढल्यासारखे आले. मालकानं मला हातात धरलेलं, हात त्याचे लटलटत होते आणि शिव्या मला. "म्हातारबाला बुरशी लागलीय!" बुरशी लागली असेल तुझ्या अकलेला.

मग तिपाई आणली. तरी पुसट. धरणाऱ्याचा हात जरासा थरथरला तर चित्र सावरून घ्यायची सोय माझ्या पोटात आहे. पण तिपाईवर हात कुठला? रिकामा माणूस नसत्या उठाठेवी करतो, तसं ते यंत्र उगाच हलत होतं. लेकीनं ते बंद केलं. माझ्या तोंडावर एक स्वस्तातली काच चढवली होती, तीही काढली.

"जावयानं भेट दिली म्हणून काय आंधळं व्हायचं?" मालक म्हणाला.

"बाबा, तो जावई माझा नवरा आहे."

"म्हणूनच हळू बोललो."

दुपारी मधल्या पत्र्याच्या शेडवरून गरम हवा उठायची. तिच्यातून खिडकी पाण्यात बुडाल्यागत डुलायची. म्हणून उन्हं चढायच्या आत यायचं ठरलं. बाईंनाही खिडकी उघडून बसायला सांगितलं. उजेड कमी, तेव्हा शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवावं लागणार. तिपाई हलू नये म्हणून तिला खाली जड पिशवी लटकवली.

आणि तरीही चेहरा पुसट.

मालक फोनवर ओरडला, "अगं, हलू नकोस ना जरा! उभ्या जन्मात एका फोटोत स्वस्थ बसली नाहीस!"

"दगडासारखी बसलेय. तुमचा म्हातारबाच बिघडलाय. भंगारात घाला त्याला."

जन्मभर जिचं एक ऐकलं नाही, तिचं मालकानं नेमकं हेच ऐकलं! मला पिशवीत कोंबायला लागला. तेवढ्यात फोटो बघत असलेली लेक म्हणाली, "बाबा, पेला बघा."

खिडकीच्या कठड्यावर, बाईंच्या कोपराशी, स्टीलचा पेला होता. लख्ख. काठाचा पोचासुद्धा दिसत होता. आणि त्याला खेटून बसलेल्या बाईंचे नाक-डोळे मात्र बोटानं फासल्यासारखे.

मी तेच तर दाखवत होतो. पेला थरथरत नाही. माणूस थरथरतं.

लेकीनं फोन घेतला. "आई, थंडी वाजतेय तुला?"

पलीकडून हळूच आलं, "सांगितलं असतं तर घरी सोडलं नसतं गं."

रात्रीची नर्स तपासून जायची आणि सकाळची अजून यायची असायची. त्या मधल्या वेळात अंगात थंडी भरून ताप चढायचा. बाई कुणाला न सांगता, शाल आवळून, खिडकीत हसत बसायच्या.

मालक मला तसाच टाकून जिने उतरत धावला. वॉर्डाच्या दारात त्यानं आरडाओरडा केला. डॉक्टर आले, औषध बदललं, बाईंना आतल्या खोलीत हलवलं. ताप उतरेल, म्हणतात. कधी, ते कुणी सांगत नाही.

तेव्हापासून खिडकी रिकामी आहे. मालक तरी रोज सकाळी मला गच्चीवर उभा करतो. पेला कठड्यावरच आहे, कुणी उचललेला नाही. मी तो लख्ख दाखवतो. मालक बघत राहतो, फोटो काढत नाही. काल माझी काच रुमालानं पुसता पुसता पुटपुटला, "चुकलं रे, म्हातारबा." त्याचं मिटलं.

आता एकाच माणसाची माफी राहिलीय. निरोप चालणार नाही, फोन तर नाहीच. स्वतःच्या पायांनी घरी यायचं, माझ्यासमोर उभं राहायचं, जराही न थरथरता, आणि मग म्हणायचं काय ते. मी कपाटात जाणार नाही तोवर. ऐकताय ना, मालकीणबाई?