मंडळाच्या दारातला बाक

मी बाक बोलतोय. शाळेतला नव्हे, शाळेतून काढलेला. लोक आधी माझ्यावर बूड टेकवतात आणि मग इकडेतिकडे बघतात, त्यामुळे माझी ओळख करून घ्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आज मीच करून देतो.

कागदावर मी सागवानी आहे. खरा कशाचा आहे ते मला बनवणाऱ्या सुतारालाही सांगता आलं नसतं. पहिलं पॉलिश सुकायच्या आत मला टेम्पोत घातलं आणि शहराच्या टोकाला, हमरस्त्याच्या पलीकडच्या शाळेत सहावीच्या वर्गात नेऊन टाकलं. तिथे माझ्यावर तिघांनी बसायचं होतं, पाच जण बसत. कर्कटकानं त्यांनी माझ्या अंगावर नावं, बदाम आणि गणिताच्या बाईंचं एक चित्र कोरलं. चित्र हुबेहूब होतं. मला ते दिवस आवडायचे.

मग मला शाळेतून काढलं. कारण ऐका, म्हणजे मोठी माणसं कशी चालतात ते कळेल.

शहराच्या शिक्षण मंडळात तेव्हा निवडून आलेले सात सभासद होते. आमच्या शाळेतले पालक त्यांच्या बैठकीत तक्रार घेऊन गेले की वर्गात बाक कमी आहेत. ते उभे राहून बोलत होते, कारण सभागृहात त्यांना बसायला काही नव्हतं. मतदार उभा, आणि आपण गुबगुबीत खुर्चीत. सभासदांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंडळाच्या इतिहासात कधी नव्हे तो एकमतानं ठराव झाला की नागरिकांसाठी ताबडतोब बाक आणावेत. ते आले आमच्याच शाळेतून. पोरांना सतरंजी मिळाली आणि तक्रार करणाऱ्यांना बसून तक्रार करता येऊ लागली.

असा मी मंडळाच्या सभागृहात आलो आणि भिंतीला पाठ लावून कामकाज बघू लागलो.

निवडून आलेल्यांचं काय सांगू? शाळेच्या फाटकाला कुठला रंग द्यायचा यावर त्यांच्या तीन बैठका गेल्या. शेवटी फाटकाचं एक दार एका रंगाचं आणि दुसरं दुसऱ्या रंगाचं झालं. त्यांच्यात एक होते, त्यांना सगळे होऊनजाईल म्हणत. नळ नाही? होऊन जाईल. छप्पर गळतंय? होऊन जाईल. खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत असेल का, शंकाच आहे.

आमच्या शाळेत वर्ग सातवीपर्यंत. सहावी-सातवी तिथून हलवून हमरस्त्याच्या अलीकडच्या मोठ्या शाळेत न्यायची, असं दर वर्षी कुणीतरी काढायचं आणि निवडणूक जवळ आली की ते मागे पडायचं. आमची शाळा दर निवडणुकीला वाचायची. पुढच्या वर्षी पुन्हा आजारी.

या शाळेची बाजू मांडायला बैठकीला बसवाली यायची. शहराच्या बसवर ड्रायव्हर होती ती. गणवेशातच यायची आणि माझ्या डाव्या टोकाला बसायची. शेजारी तिची लेक, पाचवीतली.

"काका, वर्ग हलला तर हिला हमरस्ता ओलांडावा लागेल," ती होऊनजाईलना म्हणायची. "आमचे सासरे हिला घरी बसवतील. त्यांना निमित्तच हवंय."

"अहो ताई, काळजी कसली? होऊन जाईल."

"काय होऊन जाईल? वर्ग हलून जाईल?" लेक विचारायची.

"पोरगी तिखट आहे हो," म्हणत काका हसायचे आणि घड्याळ बघायचे.

मग शहरातल्या शहाण्या लोकांना मंडळाचा कंटाळा आला. वर्तमानपत्रात लेख आले, कुठल्याशा सभेत टाळ्या पडल्या, आणि वरून हुकूम निघाला की यापुढे मंडळ नेमलेलं असेल. एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष झाले. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, एक कारखानदार आणि आणखी काही अशीच धुतल्या कपड्यांची माणसं आली. पालकांचा प्रतिनिधी म्हणून एका माजी मुख्याध्यापकांना घेतलं. त्यांचा धाकटा मुलगा टकला झाला होता, पण पालक ते होतेच, नाही म्हणता येणार नाही.

खोटं कशाला बोलू, माणसं चांगली होती. बैठक वेळेवर सुरू व्हायची. कुणी कुणाचा बाप काढत नव्हता. वर्षानुवर्षं कोरडे असलेले नळ त्यांनी महिन्याभरात वाहते केले, आणि फाटक एका रंगाचं झालं. मीसुद्धा मनातल्या मनात म्हटलं, वा.

मग त्यांनी मला बाहेर काढलं. चर्चेत व्यत्यय नको म्हणून. मी व्हरांड्यात आलो, दार लागलं, आणि दारापाशी शिपाईमामा स्टूल टाकून बसले.

पहिल्याच थंडीत सहावी-सातवी हलली. डॉक्टरीणबाईंनी नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजलं होतं. दोन शाळा अगदी हाकेच्या अंतरावर निघाल्या. आता हाकेला ट्रक आडवे येत नाहीत, पोरांना येतात, हे पट्टीवर दिसत नाही.

बसवाली धावत आली. "मामा, आत जाऊ द्या. दोन मिनिटं."

"ताई, अर्ज द्या."

"दिलाय की मागेच. पोचला का?"

"पोचला म्हणजे काय, व्यवस्थित ठेवलाय," मामा म्हणाले. खरंच ठेवला होता. मामांच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली.

तेव्हा बसवालीनं तिच्यापुरता तोडगा काढला. रोज सकाळी शाळेच्या वेळेला ती आपली बस हमरस्त्यावर आडवी घालायची आणि पोरं पार होईपर्यंत हलायची नाही. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. डेपोतून दोनदा ताकीद आली. पण तिची पाळी बदलली की पोरांना बस नसायची, आणि रस्ता काय पाळ्या बघून वाहत नाही. एकेका घरातून पोरी कमी होऊ लागल्या. कुणाच्या बापानं घरी बसवली, कुणाच्या काकानं. बसवालीच्या सासऱ्यांनी लेकीला एक वर्षाची मुदत दिली. सहावी कर म्हणाले. सातवी इकडे परत आली तर शीक, नाहीतर घरी. लेक हे मला सांगत नव्हती, आईशी भांडत होती; पण भांडण माझ्यावर बसूनच चाललं होतं.

"आजोबा स्वतः कितवी शिकले गं?"

"चौथी."

"मग त्यांना सातवीतलं एवढं कसं कळतं?"

"हळू बोल. मोठे आहेत ते."

"मोठे आहेत ते दिसतंय मला. शहाणे कधी होणार विचारतेय."

मंडळावर ओरड वाढली तेव्हा मतदान घ्यायचं ठरलं की मंडळ निवडलेलं हवं की नेमलेलं. त्याआधी एक जाहीर सभा झाली. गर्दी एवढी की मला पुन्हा आत नेलं. एक जुने शिक्षक उठून म्हणाले, "पुन्हा निवडणूक म्हणजे पुन्हा फाटकाचा रंग. पोरांचं वाटोळं." मला पटलं. न्यायाधीश म्हणाले, शिक्षण राजकारणापासून लांब ठेवायला हवं. तेही पटलं. लाकडाला सगळंच पटतं.

मग बसवाली उठली.

"साहेब, तुम्ही माणूस चांगले आहात. पण मला तुमचा राग आला तर मी काय करू?"

"लेखी कळवा ना, ताई."

"कळवलं की. तुमच्या मामांनी ते जपून ठेवलंय. हे होऊनजाईल काका बसलेत बघा. खोटं बोलतात ते."

"अहो ताई," काका म्हणाले.

"बोलता की नाही? पण दर निवडणुकीला माझ्या दारात येऊन चहा मागतात. त्या दिवशी मी त्यांना उभं करून झाडते. चहा गार होतो, पण ऐकावं लागतं. तुम्हाला मी कुठे गाठू, साहेब? तुम्ही तर माझ्या दारात कधी येणारच नाही. तुम्हाला गरजच नाही माझी."

न्यायाधीशांनी वही ओढून तिचं म्हणणं लिहून घेतलं. एवढं मात्र त्यांचं कौतुक करायला हवं. निवडून आलेल्यांतल्या एकानंही लिहून घेतलं नसतं.

थोडक्या मतांनी निवडणूक परत आली. आळीतल्या बायकांनी बसवालीला उभं केलं आणि ती निवडून आली. त्या मतदारसंघाला दोन जागा, दुसरीवर होऊनजाईल आले. ते येणारच. जुन्या घरातली पाल आहेत ते.

नव्या मंडळाची पहिली बैठक सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात होती. शाळा उघडायला चार दिवस होते. आज ठराव झाला तर लेक सातवीत, नाही झाला तर आजोबांशेजारी. मी सभागृहात होतो आणि माझ्यावर आळीतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. लेक मधोमध.

सहावी-सातवी परत आणायचा ठराव बसवालीच्या हातात होता. ती उठणार, एवढ्यात शेजारून होऊनजाईल कुजबुजले. कुजबूज त्यांची, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत.

"ताई, पहिल्याच दिवशी ताणू नका. मतं कमी पडतील, फजिती होईल. समिती नेमू. सगळ्यांचा मान राहील."

बसवाली थांबली. तिच्या समोर पाण्याचा ग्लास होता, नावाची पाटी होती, पाठीला गुबगुबीत खुर्ची होती. "समितीची कल्पना तशी वाईट नाही," ती सावकाश म्हणाली. "सर्व बाजूंनी विचार करून..."

"आई," लेक माझ्यावरून म्हणाली.

"नागरिकांनी शांतता राखावी," कुणीतरी म्हणालं.

"राखते. आई, समितीचा विचार होईपर्यंत मी आजोबांशेजारी बसून टीव्ही बघत असेन. तुला ते चालेल का, तेवढं सांग."

बसवालीनं लेकीकडे पाहिलं. मग ग्लास बाजूला सारला आणि ठराव मताला टाकला.

तीन हात वर, तीन खाली. राहिले होऊनजाईल. त्यांनी छताकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावरच्या सगळ्या बायका त्यांच्याच मतदारसंघातल्या होत्या आणि एकही हसत नव्हती. काकांचा हात असा वर गेला, जणू कुणी दोरीनं ओढला. तत्त्व वगैरे काही नाही, निव्वळ भीती. पण ठराव झाला आणि लेक सातवीत गेली, आपल्या जुन्या शाळेत. घरी बसवलेल्या पोरींतल्या काही परत आल्या. सगळ्या नाही आल्या.

त्याला बरेच महिने झाले. हल्ली माझ्याकडे कुणी फिरकत नाही. आळीतल्या बायकांचं काम झालं. मंडळात पुन्हा फाटकाचा रंग निघालाय. आणि हे सांगायला मला आवडत नाही, पण परवा बसवालीनंही एका ठरावावर न वाचता हात वर केला. कंटाळली असेल. खुर्ची मऊ आहे तिची.

तुमच्याकडे माझी तक्रार नाही. नेमलेले बरे की निवडलेले, हे भांडण तुम्ही खुशाल करत बसा. पण अधूनमधून माझ्यावर बसून करा. मी काही फार आरामशीर नाही, एक खिळा वर आलाय, जपून बसावं लागतं.

कालच्या बैठकीला माझ्यावर दोन फायली होत्या आणि कुणाची तरी विसरलेली छत्री. समोर सातजण मजेत हात वर करत होते. छत्रीला कोण भितंय.