फुगडीच्या पायाखालची यमुना

राजधानीतल्या आमच्या मराठी मंडळाचं बोधचिन्ह म्हणजे फुगडी घालणाऱ्या दोन बायका. हात हातात गुंफलेले, अंग मागे झोकून दिलेलं, आणि पायाखाली एक करडा, ओघळल्यासारखा पट्टा. हा पट्टा म्हणजे यमुना, असं दिनकरराव सांगतात. ते अध्यक्ष झाल्यापासून दर वर्धापनदिनाला त्यांच्या भाषणात एक वाक्य असतं : सह्याद्रीच्या लेकी यमुनेच्या काठी फुगडी घालताहेत. या वाक्यावर टाळ्या पडतात. टाळ्या पडल्या की दिनकरराव पाणी पितात. ज्या वाक्यावर हमखास टाळ्या मिळतात ते वाक्य माणूस मुदत ठेवीसारखं जपतो, मध्येच मोडत नाही.

चित्र हरिदास दिघ्यांचं. तरुणपणी ते सरकारी खात्यात नकाशे काढायचे आणि मुनिरका गावात एका भाड्याच्या खोलीत राहायचे. आता तिथून हाकेच्या अंतरावर फ्लॅट आहे. घरात बायको भानुमती, मुलगा सुजय आणि सून प्रणिता. गेली काही वर्षं हरिदासांच्या नजरेच्या बरोबर मध्यभागी धुकं बसलंय. कडेचं दिसतं, समोरचं पुसट. मोठं आणि ठसठशीत असेल तर दिसेल, पेपर मात्र विसरा, असं डॉक्टर म्हणाले. पेपरबरोबर हरिदासांनी चित्रंही विसरायला घेतली. भाजीत मीठ कमी आहे हे तेवढं अजून पूर्वीच्याच अचूकतेनं सांगतात.

यंदा मंडळानं स्टेजमागच्या पडद्याऐवजी एलईडीची भिंत भाड्यानं घ्यायचं ठरवलं. बैठकीत बाकीचे तिच्यावर कुणाकुणाचे फोटो झळकतील याची चर्चा करत होते. प्रणिताच्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. भिंतभर फुगडी. पहिल्या रांगेत बाबा. दिसेल त्यांना. त्यांचं चित्र त्यांना दिसेल. हे तिनं फक्त सुजयला सांगितलं, कारण भानुमतीबाईंच्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत द्वारकेपासून नोएडापर्यंत पोचतं, आणि एवढं करून दिसलंच नाही तर म्हाताऱ्या माणसाचा हिरमोड चारचौघांत नको.

अडचण अशी की मूळ कागद कुठल्याशा छापखान्यात गेला तो परत आलाच नाही. उरलं होतं ते मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं, अंगठ्याच्या नखाएवढं चित्र. दिनकररावांनी ते तत्परतेनं पाठवलं, वर स्वतःच्या हातानं मोठं करून पाठवलं. त्या खटाटोपात दोन्ही बायका आडव्या सुटल्या होत्या.

"बेटा, अजून खेच की," ते फोनवर म्हणाले. "भिंतीएवढं होईल."

प्रणितानं त्यांना समजावलं की हे चित्र म्हणजे रंगीत चौकोनांची गोधडी आहे. याला रास्टर म्हणतात. खेचलं की चौकोन मोठे होतात, चित्र मोठं होत नाही. आपल्याला हवं व्हेक्टर. त्यात चौकोन नसतात. बिंदू कुठे आणि त्यांच्यामधली रेघ कशी वळते, एवढंच फाईल लक्षात ठेवते. रास्टर म्हणजे रांगोळीचा फोटो, व्हेक्टर म्हणजे रांगोळी घालणारीचा हात. अंगणाएवढी म्हणा, अंगणाएवढी घालेल. दिनकरराव म्हणाले, बिल्कुल बिल्कुल, आणि पुन्हा तेच चित्र आणखी खेचून पाठवलं.

हे काम तिच्या रोजच्या हातातलं. ती मानेसरला ज्या कंपनीत जाते तिथे गाड्यांवर चिकटवायचे पट्टे आणि अक्षरं तयार होतात. तिनं पडद्यावर रेघ काढायची आणि मशीनच्या पात्यानं त्या रेघेवरून कापत जायचं. रेघ चुकली तर गाडीच्या दारावर दिसते, म्हणून प्रणिताला रेघेची भीड असते. कंपनीच्या बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन तिनं त्या धुरकट फुगडीवर एक कोरा थर टाकला आणि एकेक बिंदू ठेवत गेली. बिंदू ठेवला की त्याला दोन बाजूंनी मिशा फुटतात. मिशी ओढावी तशी रेघ वळते. पाठीची कमान आली, पदराचा फुगा आला. खालचं गढूळ चित्र मिटवून पाहिलं तर दोघी नुसत्या रेघांत गरगरत होत्या, आणि शेजारच्या सीटवरची इशिता हेडफोन काढून पाहत राहिली.

यमुनेला मात्र कड नव्हती. पाण्याला रेघेत कसं धरणार? म्हणून तिनं पाणी वेगळ्या रास्टर थरावर, भिंतीच्या पूर्ण मापात, ओल्या ब्रशनं नव्यानं रंगवलं आणि बायकांच्या खाली सरकवलं. उजवीकडच्या बाईच्या मानेमागे, हवेत, काही विस्कटलेले करडे चौकोन होते. फॉरवर्ड होता होता साचलेली धूळ, असं म्हणून ते तिनं पुसले आणि बाईला सुबक अंबाडा घातला. भानुमतीबाईंनी पाहून पसंती दिली. दिनकररावांनी एकच गोष्ट विचारली, "यमुना है ना?" आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

कार्यक्रम कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात, संध्याकाळी. प्रणितानं सासूसासऱ्यांना मुद्दाम लवकर आणलं. हॉलमध्ये तयारीला आलेले आम्ही काही सभासद, खुर्च्या मांडणारी माणसं, चाफ्याच्या हारांची टोपली, आणि कुठलासा कलाकार पेटीचे सूर तपासत होता. तिनं बाबांना पहिल्या रांगेत बसवलं, लॅपटॉप भिंतीला जोडला, आणि रेघा नीट तपासता याव्यात म्हणून यमुनेच्या थरासमोरचा, थर दाखवणारा-लपवणारा छोटा डोळा मिटला. पाणी नाहीसं झालं. मग तिनं फुगडी भिंतभर केली.

तांबड्या भिंतीवर पांढऱ्याशुभ्र दोघी. पेटीचे सूर थांबले.

हरिदासांनी मान तिरकी केली. काही पाहायचं असलं की ते असंच करतात, धुक्याच्या कडेनं डोकावल्यासारखं. मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. भानुमतीबाई हारांबद्दल काही सांगत होत्या, ते त्यांनी ऐकलं नाही.

"हिला अंबाडा कोणी घातला?" हरिदास म्हणाले.

प्रणिताला आधी वाक्य कळलंच नाही. कळलं तेव्हा ती भिंतीकडे न बघता सासऱ्यांकडेच बघत राहिली. सासरी आल्यापासून ऐकलेल्या तक्रारींची बेरीज केली तरी ही एक सगळ्यांवर भारी होती.

"बाबा, दिसला तुम्हाला अंबाडा?"

"न दिसायला काय झालं? डोक्यावर नारळ ठेवल्यासारखा दिसतोय. मी वेणी काढली होती."

"अहो, वेणी पाठीवर असते," भानुमतीबाई मध्ये पडल्या, "आणि ही पाठमोरी नाहीच. त्यापेक्षा अंबाडा बरा दिसतो."

"फुगडीत वेणी पाठीवर राहत नाही. हवेत जाते. तुझीच होती ती. तुझ्या माहेरी ओसरीवर तू फुगडी घालत होतीस आणि मी चहा घेत होतो."

भानुमतीबाईंचा हात आपसूक स्वतःच्या केसांकडे गेला. याची नोंद आमच्यातल्या बऱ्याच जणांनी घेतली.

हवेतली धूळ. प्रणितानं कपाळाला हात लावला. पुसून टाकली होती ती वेणीच. तिनं अंबाड्याचे बिंदू एकामागून एक उडवले, नवा बिंदू मानेवर ठेवला, दुसरा हवेत.

"मोठं कर," हरिदास म्हणाले.

तिनं मोठं केलं. बाईची नुसती मान आणि खांदा भिंतभर झाला. रेघ तशीच, कागद सुरीनं कापावा तशी.

"अजून मोठं होतं?"

"होतं बाबा. कितीही होतं."

"मग कर." ते खुर्चीच्या कडेवर आले होते. "अरे, फुटत नाही ही. बघ ना, फुटतच नाही."

ते उठले, ती धावली, आणि पुढच्या मिनिटाला मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद लॅपटॉपपाशी उभे होते, तोंड भिंतीकडे, हात माऊसवर, त्या हातावर सुनेचा हात. ते सांगत होते, वर, जरा बाहेर, थांब. मग ती हात काढून घेत म्हणाली, आता मिशी तुम्ही ओढा. त्यांनी ओढली. भिंतीवर वेणी खांद्यापासून सुटली, हवेत उचलली गेली आणि टोकाशी हलकेच वळली. कुणीतरी शिट्टी वाजवली. खुर्च्या मांडणारे खुर्च्या हातात धरून उभे होते. हरिदासांनी वेणीच्या टोकाला एक गोंडाही लावला, मूळ चित्रात नसलेला, आणि तो कुणी काढू नये अशी ताकीद दिली.

याच वेळी दिनकरराव आत आले. नवं जॅकेट, खिशात भाषण. चित्र पुन्हा पूर्ण दिसत होतं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जिथे नजर थांबली तिथेच त्यांचा चेहराही थांबला.

"यमुना कुठे गेली?"

"कुठली यमुना?" हरिदासांनी विचारलं.

"पायाखालची, हरिभाऊ. तुम्ही काढलेली."

"मी दोन बायका काढल्या होत्या. पाणी नव्हतं काढलं. तुमच्या भाषणातली यमुना मी अलंकार समजत होतो." ते जरा आठवून हसले. "खोलीतला कूलर टपकायचा, दिनकरराव. चित्र खाली ठेवलं होतं, त्यावर ओघळ आला. छापखानेवाल्यानं तसंच छापलं."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सगळे दिनकररावांच्या खिशाकडे बघत होते. त्यांनी भाषणाचे कागद अर्धे बाहेर काढले, परत आत ठेवले. इतक्या वर्षांच्या टाळ्या एका कूलरच्या नावे जमा होताना पाहणं कुणालाही जड जाईल. प्रणिता हळूच म्हणाली की पाणी वेगळ्या थरावर आहे, डोळा उघडला की येतं. ठेवायचं की नाही ते बाबांनी सांगावं.

हरिदासांनी मान तिरकी करून भिंत पाहिली. आपल्या दोघी, स्वच्छ, जशा काढल्या तशा. मग दिनकररावांकडे पाहिलं.

"उघड डोळा," ते म्हणाले. "कूलरमध्ये पाणी नळाचंच भरायचो. आणि मुनिरक्याच्या नळाला यायचं कुठून? अध्यक्ष अगदीच खोटं बोलत नव्हते."

पाणी आलं. दोघींच्या पायाखालून ओलं, करडं, कडेला विरत गेलेलं. त्याच्यावर वेणी उडत होती.

दिनकररावांनी त्या संध्याकाळी तेच वाक्य म्हटलं आणि टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. ते पाणी प्यायला थांबले तेव्हा पहिल्या रांगेतून हरिदासांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. ते सुनेला सांगत होते की डावीकडचीच्या पायात जोडवी घालायची राहिली आहेत, घरी गेल्यावर मोठं करून दाखव.