तेवढी शुद्ध

वकीलसाहेबांचं सगळं गणित एका वाक्यावर उभं होतं, आणि ते वाक्य थोरलीच्या तोंडून यायचं होतं.

"दारू आपणहून प्यायला, त्यामुळे सुटका काही होणार नाही," कोर्टाच्या व्हरांड्यात ते तिला समजावत होते. "पण जिवे मारायचा इरादा धरण्याइतकी शुद्धच नव्हती असं ठरलं, तर जन्मठेप टळेल. ताई, तुम्ही फक्त म्हणायचं, हाताला लागलं ते त्यानं उचललं. बास." सांगणाऱ्याचं काय जातंय!

धाकटा पलीकडे पोलिसांच्या मध्ये बसला होता. आई गेल्यावर थोरलीनंच या भावाला वाढवलं. लाडही केले, जरा जास्तच केले. सुतारकामाच्या दुकानातल्या भागीदाराचा जीव त्यानं हातोडीनं घेतला, तेव्हा दोघंही प्यालेले होते. त्या संध्याकाळचं त्याला काहीएक आठवत नव्हतं. "ताई, मी शुद्धीवर नव्हतो ना गं?" तुरुंगाच्या जाळीआडून तो दर भेटीला विचारायचा. "नव्हतास रे राजा," ती म्हणायची. तेवढ्या उत्तरावर त्याला झोप लागायची.

खरं काय ते तिच्या पोटात होतं. डबा घेऊन ती दुकानाच्या दारात पोचली तेव्हा भांडण पेटलं होतं. धाकट्यानं आधी आबांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, लाकूड तासायची पटाशी उचलली. आबांच्या हत्यारांना लाकडाखेरीज काही लावायचं नाही, हा त्या घरचा दंडक. पटाशीनं डब्याचं झाकण उघडलं म्हणून लहानपणी दोघा भावंडांनी वडिलांचा मार खाल्ला होता. झोकांड्या खाणाऱ्या धाकट्यानं ती पटाशी निरखून पाहिली, नेहमीसारखी शर्टाला पुसली आणि फळीवर जागच्या जागी ठेवली. मग खाली पडलेली जुनी हातोडी घेतली. ती ओरडेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

साक्षीला उभी राहिली तर समोर भागीदाराची म्हातारी आई. तिची नजर चुकवावी तर धाकटा. माणसानं बघायचं तरी कुठं!

"त्यानं हातोडी कशी उचलली?" वकीलसाहेबांनी विचारलं.

पढवलेलं उत्तर ओठांवर आलं होतं. म्हातारीनं पुढं वाकून कानामागे हात धरला, एक शब्द निसटू नये म्हणून. थोरलीचा धीर सुटला.

"आधी आबांची पटाशी घेतली होती, साहेब. ती खराब होईल म्हणून परत जागेवर ठेवली. मग हातोडी घेतली." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला.

बाहेर नेताना धाकटा तिच्यापाशी थांबला. आता हा आपल्याला शिव्या देणार, असं तिला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई," त्यानं हळूच विचारलं, "ठेवायच्या आधी पुसली होती का गं मी?"

हे ती कोर्टात बोललीच नव्हती. तिनं होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे मीच होतो," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

त्याला उठवायला ती वाकली, पण पोलिसांनी तिला हात लावू दिला नाही.