पूर्ण नाव भरा

“ती ओळ काढ, चिन्मयी. मॅडम येऊनच राहिल्या,” अनुपमने पुन्हा सांगितलं.

चिन्मयी हलली नाही. बड़ा फुहारा चौकाजवळच्या एका छोट्या कंपनीत मालक अनुपम प्रोग्राम लिहायचा आणि ती त्याचं मॅनुअल. मॅनुअल कोणी वाचत नाही हे जगजाहीर, तरी ही बाई प्रत्येक वाक्य आधी स्वतः प्रोग्राम चालवून पडताळायची. या खोडीपायीच तिची नोकरी अजून पक्की झाली नव्हती.

यावेळी काम एका इस्पितळाच्या नावनोंदणीचं होतं. नाव तपासायला अनुपमने पॅटर्न बांधला होता: आधी अक्षरं, मग मोकळी जागा, मग पुन्हा अक्षरं. या साच्यात बसेल तेच नाव, म्हणजे हम करे सो कायदा. चाचणीच्या दिवशी चिन्मयी इस्पितळातच होती, तेव्हा पाटन गावची अंजनी नोंदणीच्या खिडकीशी आली. तिला आडनाव नव्हतं, कधीच नव्हतं. कॉम्प्युटर काही तिला घेईना. शेवटी खिडकीवाल्याने ‘अंजनी अंजनी’ असं भरलं, तेव्हा कुठे तिला डॉक्टर भेटले.

ते पाहून चिन्मयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मॅनुअलमध्ये सरळ लिहिलं: एकच नाव असलेल्या माणसाला हा पॅटर्न नाकारतो.

“काहून अडून राहिली तू? लिही ना, नाव दोनदा भरा. चलो, बात खतम.”

“पॅटर्न बदला, भैया. मग ओळ मीच काढते.”

“पुढच्या वेळी बघू. नोकरी पक्की करायची आहे का नाही?”

“करायची आहे ना. खोटं लिहून नाही.”

तेवढ्यात इस्पितळाच्या अमिता मॅडम आल्या. अनुपमने स्वतःच ती ओळ पुसली आणि हसत लॅपटॉप चिन्मयीपुढे सरकवला. लिहिणाऱ्याचं नाव भरायचं, की मॅनुअल सुपूर्द. त्या पानालाही त्याने आपला तोच लाडका पॅटर्न लावला होता.

तिने फक्त ‘चिन्मयी’ लिहिलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: पूर्ण नाव भरा.

“सरनेम छूट गया, बेटा,” मॅडम म्हणाल्या.

“नहीं मैडम. आज इतना ही है. पाटन की अंजनी का भी इतना ही है.”

“आडनाव टाक,” अनुपम दात आवळून पुटपुटला.

तिने हात मांडीवर घेतले.

“कौन अंजनी?” मॅडमनी विचारलं.

नोकरी जाणार हे धरून टेबलावरचं आपलं सामान, डबासुद्धा, तिने सकाळीच आवरून पिशवीत ठेवलं होतं. आता ती उठली, आपली खुर्ची मॅडमपुढे सरकवली आणि उभ्यानेच सांगू लागली.