ग्राशीनं ओतलेलं तेल

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. तरी सांगतो.

मी एक जुना लोहचुंबक आहे. तळहातावर मावेन एवढा, काळा, मधे भोक असलेला. आज मी मेंढपाळाच्या चाकांवरच्या खोलीत एका लोखंडी पट्टीला चिकटून बसलो आहे. पण तरुणपणी माझी ओढ जबरदस्त होती. बिगहॉर्न डोंगरांच्या घाटातून आमची पिकअप गेली की रस्त्याकडेच्या घोड्यांचे नाल सटासट निघून गाडीला येऊन चिकटत, आणि बिचारे घोडे अनवाणी घरी जात. एका घोड्यानं नाल सोडायला नकार दिला, तेव्हा तो आख्खा घोडाच अडीच मैल आमच्यामागून फरफटत आला. घोड्याच्या मालकानं आमचे आभार मानले, कारण त्याला तिकडेच जायचं होतं.

असो. माझा जन्म कारखान्यातला. काळी भुकटी साच्यात दाबली, भट्टीत भाजली आणि मी झालो. मग एका डिझेल पिकअपच्या गियरबॉक्सखाली पत्र्याचं चेंबर असतं, त्याच्या तळाशी मला ठेवलं. वरून लाल तेल ओतलं. त्या दिवसापासून माझा संसार अंधारात.

ही गाडी आपले गियर आपणच बदलते. त्यासाठी आत चाकं, पट्ट्या, चकत्या सारख्या एकमेकींना घासत असतात, आणि त्यातून लोखंडाची बारीक धूळ तेलात उतरते. ती धूळ पकडून धरायची, हे माझं काम. मी झोपलो तर ती अरुंद वाटांत शिरून सगळ्या यंत्राची वाट लावेल. डिझेल इंजिनाचं सगळे कौतुक करतात. काय आवाज, काय ताकद! मला कुणी विचारत नाही. एक ग्राशी सोडून.

ग्राशी ही आमच्या मालकाची, बेत्रीची बायको. अमेरिकेतल्या वायोमिंगमधली ही बास्क माणसं, मूळची स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांतली, पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणारी. घरात स्वयंपाक बेत्री करायचा आणि गाडीखाली ग्राशी शिरायची. दर तीस हजार मैलांनी ती लोकरीचं जुनं पोतं अंथरून उताणी झोपे, निचऱ्याचा बोल्ट काढून तेल घमेल्यात सोडे, मग चेंबर उतरवी. माझ्यावर साचलेला करडा थर पाहून म्हणे, "काय रे, केवढी दाढी वाढवलीस! ये, हजामत करते तुझी."

तो थर ती दोन बोटांत चोळून बघायची. पिठासारखा मऊ लागला तर गाडी ठणठणीत. खरखरीत लागला तर काळजी. बेत्री शेजारी बादली पालथी घालून बसे आणि हमखास चुकीचा पाना देई.

"बेत्री, दहाचा मागितला, तेराचा दिलास. मेंढ्या पण अशाच मोजतोस का?"

"मेंढ्या ओरडत नाहीत माझ्यावर."

मित्रांनो, बंद चेंबरात मला ऐकू कसं येतं असं विचारू नका. पत्र्यातून सगळं ऐकू येतं.

मग एका हिवाळ्यात ग्राशी गेली. मला ते उशिरा समजलं. तीस हजार मैल झाले, हजामतीला कुणी आलं नाही. साठ हजार झाले. तेलाचा लाल रंग जाऊन ते काळपट पडलं, त्याला करपल्याचा वास येऊ लागला. माझी दाढी मलाच जड झाली. चढ लागला की इंजिन ओरडायचं, आणि चाकं मात्र जावं की न जावं अशा विचारात पडायची.

जून आला. ही चाकांवरची खोली पिकअपला जोडून घाटावरच्या कुरणात न्यायची वेळ झाली. बेत्रीची मुलगी मायलिस गावातून आली, गाडी चालवून बघितली आणि थेट नवं तेल घेऊनच परतली.

"मुळीच नाही," बेत्री म्हणाला. "ड्वेन म्हणतो, जुन्या तेलाला हात लावायचा नसतो. आतली घाणच सगळं धरून ठेवते. नवं ओतलं की गियरबॉक्स बसतो."

"ड्वेन? शेजारचा? त्याच्या तीन गाड्या अंगणात उभ्या आहेत बाबा, त्यातल्या दोहोंतून झाडं उगवलीत."

"माझी गाडी आहे."

"हो, आणि घाटात बंद पडली की भंगारात जाईल. मग खोली वर कोण नेणार? मेंढ्या विकाव्या लागतील, आणि तू माझ्या दिवाणखान्यात बसून हवामानाच्या बातम्या बघशील. चालेल?"

बेत्री उठून गेला. तेवढ्यात मायलिसनं पोतं अंथरलं. बोल्ट सुटला, तेल घमेल्यात पडू लागलं, आणि तो आवाज ऐकून म्हातारा धावत आला.

"तेच परत ओत!" तो म्हणाला. "फडक्यातून गाळ, आणि तेच ओत."

"बाबा, जळलंय ते. वास बघ."

"तुझ्या आईनं ओतलंय ते."

मायलिसचा पाना थांबला.

"तिचे कपडे तुम्ही देऊन टाकलेत," बेत्री म्हणाला. "तिची उशीसुद्धा. मी काही बोललो? हे एवढं राहू दे की गं."

गाडीखाली कडेचे बोल्ट एकेक करून सुटू लागले. मग चेंबर उतरलं, आणि जरा वेळानं मायलिस मला घेऊन सरपटत बाहेर आली.

"बाबा, हे बघ."

माझ्या करड्या दाढीत अंगठ्याचा ठसा होता. रेघ न्‌ रेघ मोजावी इतका स्वच्छ.

"आईचा," मायलिस म्हणाली. "मागच्या खेपेला तिनं याला दाबून बसवलं असेल ना, तेव्हाचा. तेल जाऊ दे बाबा. हा ठेव तू."

आणि मित्रांनो, तो खरोखर ग्राशीचाच होता! साठ हजार मैल मी तो जपला. ठशाच्या चहूबाजूंनी दाढी वाढू दिली, पण रेघांवर एक कण बसू दिला नाही.

बेत्रीनं मला उन्हात धरलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाला, "नवं ओत. आणि दहाचा पाना इकडे दे, कडेचे बोल्ट मी आवळतो."

चेंबरात माझ्या जागी नवा चुंबक आला. मी बेत्रीच्या सदऱ्याच्या खिशात बसून घाट चढलो. गाडी एकदाही अडखळली नाही. तेव्हापासून मी इथे आहे, ठशासकट. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जे तळाशी बसून मुकाट्यानं तुमची घाण धरून ठेवतात, त्यांना वेळच्या वेळी उघडून बघत जा. त्यांची दाढी करा. जुनं झालं म्हणून हात लावायला भिऊ नका.

"खोटं!"

हा आवाज फळीवरून आला. तिथे तांब्याचा एक वायसर पडलेला असतो. तुम्ही खिळे आणि सुया मला चिकटून बसता, म्हणून माझ्या प्रत्येक शब्दाला माना डोलावता. तांबं मला बधत नाही.

"निचऱ्याच्या बोल्टाखाली मी होतो," वायसर म्हणाला. "त्या दिवशी घमेल्याच्या काठावर पडून सगळं बघत होतो. उकळत्या तेलात साठ हजार मैल ठसा टिकतो होय रे, लबाडा? मायलिसनं गाडीखाली पडल्या पडल्या स्वतःचा अंगठा दाबला तुझ्यावर. बाहेर आली तेव्हा तो मुळापर्यंत काळा होता, आणि म्हाताऱ्यानं तो काळा अंगठा बघितला आणि आपल्या रुमालानं पुसून काढला. ते का नाही सांगत?"