साबणाचा वास

“तिच्या समोर उभे राहू नका,” काकू फोनवरून सांगत होत्या, “बाजूला बसा. तुमचं आपल्याकडे लक्ष नाही असं तिला वाटलं पाहिजे.”

नीळकाका नेमके शेळीच्या समोर उभे होते, तेही कमरेवर हात ठेवून. ते घाईघाईनं बाजूला झाले, पालथ्या बादलीवर बसले आणि छताकडे बघायला लागले. छपरीचा पत्रा तापून मधूनच कुरकुरत होता. त्याखाली रुमाली पुढच्या पायानं जमीन उकरत होती, बसत होती, लगेच उठत होती. मध्येच मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत होती, जणू तिथून कुणी हाक मारली असावी. पांढऱ्या गळ्याची तपकिरी शेळी. गळ्याशी रुमाल बांधल्यासारखी दिसते म्हणून काकूंनी तिचं नाव रुमाली ठेवलं होतं.

नीळकाका लाँड्री चालवायचे. कपड्यांना नीळ देऊन देऊन त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या निळ्या झाल्या होत्या. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. शेळी मात्र काकूंची. तिचा चारा, पाणी, खूर कापणं, सगळं त्याच बघायच्या. काकांचा संबंध एवढाच, की दोरीवरच्या कपड्यांजवळ ती आली की ते तिला हुसकायचे. आज काकू हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरी पोहोचवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. रुमालीला व्यायला अजून आठवडाभर तरी वेळ आहे असा त्यांचा हिशेब होता. तो हिशेब रुमालीला कुणी विचारला नव्हता.

“कास कशी आहे?” काकूंनी विचारलं.

“टम्म.”

“आणि शेपटीच्या बाजूला खळगे पडलेत?”

काकांनी वाकून बघितलं. खळगे पडले होते. आपण एवढं बरोबर ओळखलं याचाच त्यांना इतका आनंद झाला, की उत्तर द्यायचं राहूनच गेलं. काकूंना दोनदा “अहो” म्हणावं लागलं.

ऊन असं होतं की बाहेर टाकलेली चादर पिळायच्या आधीच वाळावी. काकूंना भीती याच गोष्टीची होती. गेल्या उन्हाळ्यात रुमाली पहिल्यांदा व्यायली, तेव्हा तिला पान्हाच फुटला नव्हता. एकुलतं एक करडू काकूंनी बाटलीवर जगवायचा प्रयत्न केला. दिवसभर दोघंही कामात. एका दुपारी ते पत्र्याखाली मान टाकून पडलेलं सापडलं. काकूंनी बाटली धुऊन फळीवर ठेवून दिली आणि इस्त्रीला उभ्या राहिल्या. त्यानंतर काकांनी त्या छपरीकडे नीट बघितलंही नव्हतं.

आज मात्र ते तिथेच होते आणि त्यांना एक युक्ती सुचली होती. हॉटेलच्या ओल्या चादरी त्यांनी छपरीच्या उघड्या बाजूंनी टांगल्या. झळ चादरींमधून आत येईपर्यंत गार होत होती. रुमालीनं धापा टाकणं थोडं कमी केलं. काकांनी हे फोनवर सांगितलं. मग काकू म्हणाल्या, की हे चांगलं केलंत. तेवढ्यानं काकांची छाती फुगली.

मग पाणमोट फुटली.

पुढचं सगळं एवढ्या भराभर झालं, की नंतर कितीही वेळा सांगताना काकांचा क्रम चुकायचाच. आधी दोन पिवळसर खूर दिसले. टोकांना साय धरल्यासारखे मऊ. त्यांच्यावर टेकलेलं नाक दिसलं. रुमालीनं असा आवाज काढला, की भिंतीपलीकडची शिंपीणबाई मशीन थांबवून स्टुलावर चढली आणि काय झालं म्हणून डोकावली. काकांनी तिला हातानंच गप्प केलं. आणि बघता बघता आख्खं करडू, लांबच लांब, पायांच्या जुड्यासह, गोणपाटावर सटकन उतरलं. त्यानं डोकं हलवलं. ते शिंकलं.

“आलं,” काका फोनमध्ये म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. “अगं, आलं. शिंकतंय.”

काकूंच्या मागे बसचा हॉर्न वाजत होता. त्या काय काय विचारत होत्या ते अर्धंच ऐकू येत होतं. रुमालीनं वळून करडाला दोन-चारदा चाटलं, पण लगेच तिला पुढची कळ आली. ती पलीकडे सरकली आणि दुसऱ्या करडाच्या मागे लागली. दुसरं तर पहिल्याहून घाईचं. ते बाहेर पडलं तसं रुमाली त्यालाच चाटत बसली. पहिलं इकडे एकटं पडलं. अंगभर चिकट, माशा घोंघावतायत, पोट भात्यासारखं हलतंय. काकांनी हात लावून बघितलं तर अंग गरम. त्यांच्या डोळ्यांपुढे गेल्या उन्हाळ्यातली ती टाकलेली मान आली.

त्यांनी फोनवर ओरडून विचारलं, की पहिल्याकडे ती बघत नाहीये, त्याचं काय करू.

“साफ करा त्याला,” काकू म्हणाल्या, “नाक–” आणि फोन कट झाला.

साफ करणं म्हणजे काय, हे नीळकाकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी करडाला छातीशी धरलं, नळाखालच्या टबात कोमट पाणी घेतलं, बाळाच्या झबल्यांना वापरतात तो सौम्य साबण काढला, आणि कानांच्या आतून, बगलांतून, शेपटीखालून, खुरांच्या बेचक्यांतून त्याला धुऊन काढलं. एकदा फेस, दोनदा खळबळून पाणी. पिळता येत नव्हतं, म्हणून टॉवेलनं टिपून घेतलं. कपाळापासून पाठीपर्यंत तपकिरी, पोट आणि पाय पांढरेशुभ्र. काका त्याच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातात आलेली प्रत्येक गोष्ट आधी कुणीतरी वापरलेली असायची. घामाची, जेवणाची, आजारपणाची. हे पहिल्यांदाच काहीतरी अगदी कोरं हातात आलं होतं.

त्यांनी ते शिंपीणबाईला उंच धरून दाखवलं.

“काका, नीळ नाही ना घातलीत?” ती म्हणाली, आणि हसता हसता स्टुलावरून पडता पडता वाचली.

काकाही हसले. त्याच आनंदात त्यांनी करडू रुमालीच्या तोंडापुढे नेऊन ठेवलं.

रुमालीनं त्याला हुंगलं. डोक्याकडून हुंगलं, शेपटीकडून हुंगलं. मग मान खाली घातली आणि ढुशी मारली. करडू कोलमडलं. काकांना वाटलं, चुकून लागली असेल. त्यांनी त्याला पुन्हा उभं केलं. पुन्हा ढुशी, या वेळी जोरात. दुसरं करडू तोवर थरथरत उभं राहून कासेखाली शिरलं होतं आणि लुचत होतं. पहिलं धडपडत तिकडे गेलं की रुमाली गर्रकन फिरायची. काकांनी तिची मान काखेत धरून करडाला सडापाशी नेलं, तर ती खाली बसली. सोडली तर उठली आणि करडाला भिंतीपर्यंत ढकलत नेलं. काकांना कळेना, की तासाभरापूर्वी चाटणारी ही शेळी अशी वैरीण कशी झाली. त्यांनी फोन लावला. लागेना. शिंपीणबाई आता हसत नव्हती.

काकू आल्या त्या जवळजवळ धावतच. चादरींचं रिकामं गाठोडं दारातच टाकून त्या छपरीत शिरल्या. दुसरं करडू बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की काकांना सांगायचं धाडसच होईना. शेवटी त्यांनी टॉवेलातलं पहिलं करडू पुढे केलं आणि सगळं सांगितलं.

काकूंनी ते नाकाशी नेलं. बराच वेळ हुंगलं.

“धुतलंत?”

“तूच म्हणालीस, साफ करा.”

“अहो, साफ म्हणजे नाक-तोंड पुसा. श्वास मोकळा व्हावा म्हणून.”

“आपल्याकडे साफ म्हणजे साफ,” काका म्हणाले. “गरम लागलं मला ते. वाटलं, हेही जाईल.”

काकू चिडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी फक्त टॉवेलाचं टोक करडाच्या डोळ्यांवरून सारलं. शेळीला पिल्लू डोळ्यांनी ओळखू येत नाही, त्या हळू आवाजात म्हणाल्या, तिला वास लागतो. जन्मताना अंगावर जो ओलावा असतो, तो चाटते तेव्हाच तिचं ते होतं. आता याला तुमचा साबण लागलाय. तिच्या लेखी हे कुणा परक्याचं.

त्यांनी रुमालीचा चीक वाटीत पिळला आणि बोटानं करडाच्या तोंडात सोडला. थोडा गेला, थोडा हनुवटीवरून ओघळला. उरलेला चीक त्याच्या डोक्याला, पाठीला चोळून बघितला. रुमालीनं हुंगून फुस्स केलं आणि तोंड फिरवलं. काकूंची नजर फळीवरच्या बाटलीकडे गेली. काकांनी ते बघितलं.

आणि तेवढ्यात रुमाली पुन्हा जमीन उकरायला लागली.

“वार पडतेय,” काका म्हणाले. करडांनंतर वार पडते, एवढं आपल्यालाही कळतं असं एव्हाना त्यांना वाटत होतं.

काकूंनी दोन्ही हात तिच्या पोटाखालून घेऊन हळूच वर उचलून बघितलं. एकदा. पुन्हा एकदा. मग त्यांनी काकांकडे असं बघितलं, की काका बादलीवरून उठलेच.

“अजून आहे एक आत,” काकू म्हणाल्या. “पहिल्याला आणा. टॉवेल टाका. लवकर. तिच्या मागे धरून बसा, अगदी जवळ. पाणी आलं की सगळं त्याच्या अंगाला लावायचं. सगळं. एक थेंब वाया घालवायचा नाही.”

शिंपीणबाईनं स्टुलावरूनच धावा सुरू केला. काकूंनी तिला दुसरं करडू धरायला बोलावलं, तशी ती भिंतीवरून उडी मारून आली. या वयात आपण भिंत ओलांडली हे तिला नंतर आठवून नवल वाटत राहिलं. छपरीत एवढीशी जागा, तीन माणसं, दोन करडं, आणि मधोमध कळा देणारी शेळी. चादरी हलत होत्या. काकांचं काळीज इतकं धडधडत होतं, की ते करडाचं आहे की आपलं, हे त्यांना कळेना.

पाणी आलं. कोमट, बुळबुळीत, पिवळट. काकांचे हात क्षणभर थांबले. ज्या हातांनी आयुष्यभर नुसतं काढलं होतं, त्यांना लावायची सवय नव्हती. मग त्यांनी ओंजळ धरली आणि त्या पांढऱ्याशुभ्र अंगाला सगळं फासलं. कानांना, बगलांना, शेपटीखाली, खुरांच्या बेचक्यांत. जिथे जिथे साबण पोहोचला होता, तिथे तिथे. सदरा, बाह्या, दाढीपर्यंत सगळं माखलं. काकू पलीकडे तिसऱ्याला ओढून घेत होत्या. ते उलटं येत होतं, मागचे पाय पुढे. त्यांनी दात आवळले होते.

रुमालीनं मान वळवली.

“तोंडापुढे धरा,” काकू न बघताच म्हणाल्या.

काकांनी धरलं. श्वास रोखून. रुमालीनं नाक करडाच्या कानामागे लावलं. ते तिथेच राहिलं. मग तिची जीभ बाहेर आली, कानावरून फिरली, कपाळावर आली, डोळ्यावर आली, आणि तिच्या गळ्यातून असा खोल, घोगरा आवाज निघाला, जो काकांनी आजवर तिच्याकडून कधी ऐकला नव्हता.

“चाटतेय,” ते कुजबुजले. “अगं, चाटतेय बघ. बघ ना. सोडतच नाहीये.”

काकांनी काकूंकडे बघितलं. तिसरं करडू काकूंच्या मांडीवर होतं, सगळ्यांत लहान. काकू त्याच्या छातीला गोणपाटानं चोळत होत्या. त्यांनी त्याला मागच्या पायांना धरून झुलवलं, नाकात काडी घालून बघितली, पुन्हा चोळलं. चोळता चोळता त्यांचे हात हळू झाले. मग थांबले.

शिंपीणबाईनं दुसऱ्या करडाला पोटाशी आणखी घट्ट धरलं.

काकूंनी त्याला रुमालीपुढे ठेवलं. तिलाही बघू दे, म्हणाल्या. रुमालीनं त्याला हुंगलं आणि थोडा वेळ चाटलं, नेटानं, उठवायला चाटतात तसं. तेवढ्यात पहिलं करडू ओरडलं. बारीक, चिडका आवाज. तशी ती वळली. करडू लटपटत तिच्या पोटाशी गेलं, पायाला धडकलं, गुडघा चोखायला लागलं, मग पुन्हा शोधत कासेपाशी पोहोचलं. रुमाली हलली नाही. तिनं मागचा पाय थोडा बाजूला घेतला. करडाच्या तोंडात सड आला आणि त्याची एवढीशी शेपटी थरथर थरथर हलायला लागली. शिंपीणबाईनं दुसऱ्यालाही सोडलं. दोन शेपट्या हलायला लागल्या.

काकू जमिनीवरच बसल्या. हसत होत्या की रडत होत्या कळत नव्हतं, आणि त्यांनाही कळायची घाई नव्हती. थोड्या वेळानं त्या उठल्या, हात धुवायला नळाकडे गेल्या. शिंपीणबाई त्यांच्या मागे गेली. दोघींचं हलक्या आवाजातलं बोलणं चादरींपलीकडून येत राहिलं.

काका छपरीतच थांबले. तिसऱ्याला त्यांनी हळूच गोणपाटावर कडेला घेतलं होतं. ऊन आता कलत पत्र्याखालून आत शिरत होतं. त्याची कड गोणपाटापर्यंत आली, तसे काका सरकून मध्ये बसले. सावली त्या छोट्या अंगावर पडली. ऊन पुढे आलं की तेही बोटभर पुढे सरकत होते.