सर्व्हरमधली भिंत

शहाद्याच्या एका ट्रस्टचं कॉलेज आणि दवाखाना एकाच आवारात. दोन्हींसाठी एकच मोठा नवा सर्व्हर आला, आणि त्याची वाटणी कशी करायची ते ठरवायचं काम गायत्रीकडे आलं.

"सॉफ्टवेअरनेच कर," तिचे साहेब योगेंद्र म्हणाले. "एक प्रोग्राम वर बसेल, ज्याला लागेल त्याला ताकद देईल. हार्डवेअरची वाटणी म्हणजे पक्की भिंत. इकडचे प्रोसेसर रिकामे बसले तरी तिकडे कामाला येत नाहीत."

"पण तो वरचा प्रोग्रामच पडला तर?"

"पडत नाही गं सहसा."

त्या ‘सहसा’पाशी गायत्री अडकली. दुपारी ती नवजात बाळांच्या वॉर्डात गेली. हिरव्या पडद्यांतून झिरपणाऱ्या उजेडात सगळं पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. काचेच्या पेट्यांत सात बाळं निजलेली. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर सात रेषा हलकेच चढत-उतरत होत्या. त्या अजून कॉलेजबरोबरच्या सामाईक जुन्या सर्व्हरमधून येत.

"कॉलेजना मागला निकालना दिन हाई स्क्रीन थांबी गयी व्हती, ताई," शीला सिस्टर हळूच म्हणाली. "दहा मिनिटं आम्ही हात लाईसन श्वास दखत ऱ्हायनूत."

कोपऱ्यात फुलीबाई बसली होती, धडगावकडच्या डोंगरातून आलेली. तिची भाषा गायत्रीला येत नव्हती. फुलीबाईनं तिसऱ्या रेषेकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. रेष चढली की ती श्वास घेई, उतरली की सोडी. तिच्या शेजारी टेकलेली गायत्री कधी तिच्याबरोबर श्वास घ्यायला लागली, तिचं तिलाच कळलं नाही. बाहेर आली तेव्हा ऊन कलून गेलं होतं.

नव्या सर्व्हरवर तिनं वॉर्डासाठी वेगळे प्रोसेसर, वेगळी मेमरी काढून पक्की भिंत घातली. उरलेलं सगळं सॉफ्टवेअरवर सोडलं. योगेंद्रांनी नाराजीनंच सही केली.

जूनमध्ये निकाल लागला, तो बघायला सगळे एकदम तुटून पडले आणि कॉलेजची बाजू कोलमडली. वाटणी करणारा प्रोग्रामच बंद पडला. पोरं कॉम्प्युटर रूमच्या दारात ओरडत होती.

"वॉर्डाकडचे प्रोसेसर निवांत आहेत, तेवढे तरी घे!" योगेंद्र म्हणाले.

"घेताच येत नाहीत, सर. येऊ नयेत म्हणूनच तर ती भिंत घातलीय."

कॉलेज उभं करायला तिला सव्वा तास लागला, बोलणी खावी लागली. मधेच तिनं वॉर्डात फोन लावला.

"काय व्हयनं, ताई?" शीलानं विचारलं. काही झाल्याचं वॉर्डात कुणाला माहीतही नव्हतं.

"काही नाही," गायत्री म्हणाली, आणि फोन तसाच कानाशी धरून वॉर्डातली शांतता थोडा वेळ ऐकत राहिली.